पाळीचा ताप

सुरतेतल्या लिंबायतहून तो रिक्षानं आला, मांडीवर अँप्लिफायर घेऊन. जुलै महिना होता. वरून प्लास्टिकचा कागद गुंडाळलेला, तरी कोपरे ओले झाले होते. तरुण मुलगा, घर मूळचं जळगावकडचं, वडील लूमच्या खात्यावर आणि हा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारा. अँप्लिफायर जुना, परदेशी बनावटीचा, व्हॉल्व्हचा. त्यानं केबल लावली, तार छेडली आणि माझ्या उधन्याच्या खोलीत भरदार, गोड आवाज घुमला. अर्धा तास तो वाजवत राहिला. दोष नाही.

"काका, शपथेवर सांगतो, काल कार्यक्रमात दोनदा आवाज गेला. इथं आणला की कसा वाजतो?"

त्याला शपथ घ्यायची गरज नव्हती. जो दोष सतत असतो तो दुरुस्त करणाऱ्याचा मित्र असतो. मीटर लावा, तो जागेवर सापडतो. येतो आणि जातो तो दोष मात्र वेगळ्या जातीचा. आपल्याकडे हिवतापाला जुनं नाव आहे, पाळीचा ताप. दिवसाआड चढणारा, दोन दिवस सोडून चढणारा. मधल्या दिवशी रोगी हिंडतो-फिरतो, त्याच्याकडे पाहून कुणी आजारी म्हणणार नाही. म्हणून जुने डॉक्टर सांगत, रक्त घ्यायचं तर ताप चढलेला असताना घ्या. या प्रकरणात जे सांगायचं आहे ते इतकंच: पाळीच्या दोषात काय बदलायचं हे शोधू नका, ताप कशानं चढतो ते शोधा. तो हवा तेव्हा चढवता आला की अर्ध्याहून जास्त काम झालं.

त्या मुलानं माझ्याकडे येण्याआधी दुसरीकडे दाखवलं होतं. तिथं सगळे व्हॉल्व्ह नवे घातले गेले, काही हजारांचा खर्च झाला आणि पुढच्याच कार्यक्रमात आवाज पुन्हा गेला. मला याचं वाईट वाटतं, कारण व्हॉल्व्ह हा या यंत्रातला सहज उपटून बदलता येणारा एकमेव भाग. म्हणून संशय पहिल्यांदा त्याच्यावर जातो आणि पैसेही तिथंच जातात.

आता हे यंत्र मुळात काय करतं ते पाहू, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. गिटारच्या पिकअपमधून निघणारा विद्युत संकेत फार अशक्त असतो, व्होल्टचा काही शतांश ते काही दशांश. तो पहिल्यांदा छोट्या व्हॉल्व्हमध्ये वाढवला जातो. जगभरच्या गिटार अँप्लिफायरमध्ये हा व्हॉल्व्ह बहुधा एकच असतो, युरोपात ईसीसी ८३ आणि अमेरिकेत १२एएक्स७ या नावाचा. आरसीए कंपनीनं तो १९४७ साली बाजारात आणला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बेल लॅबोरेटरीत पहिला ट्रान्झिस्टर चालला. रेडिओ आणि टीव्हीतून ट्रान्झिस्टरनं व्हॉल्व्हला हुसकून लावलं, गिटारवाल्यांनी मात्र त्याला सोडलं नाही, कारण जास्त आवाजावर हा व्हॉल्व्ह ज्या पद्धतीनं 'फाटतो' तो फाटलेपणाच त्यांना हवा असतो. आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. त्यांचे ईएल ८४ आजही जुन्या रेडिओंत आणि गणेश मंडळांच्या अडगळीतल्या अँप्लिफायरमध्ये सापडतात, आणि बरेचदा चालू असतात.

छोट्या व्हॉल्व्हनं वाढवलेला संकेत शेवटी दोन मोठ्या व्हॉल्व्हकडे जातो. या मुलाच्या यंत्रात ते ईएल ८४ होते. दोघं मिळून आळीपाळीनं काम करतात, जणू कापडाचा गठ्ठा दोन टोकांना दोघांनी धरलेला. एक लाटेचा वरचा भाग ढकलतो, दुसरा खालचा. त्यांच्या मागे ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्यामागे स्पीकर. व्हॉल्व्हच्या पोटातली तार तापते, तिच्याभोवतीची कॅथोडची नळी साडेसातशे-आठशे अंशांपर्यंत तापून इलेक्ट्रॉन सोडते, आणि बाहेरच्या पत्र्यावर, म्हणजे प्लेटवर, तीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो.

या तीनशे व्होल्टबद्दल मला थांबून सांगितलंच पाहिजे. हा दाब माणूस मारतो. वायर काढली तरी आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये तो शिल्लक राहू शकतो. दहा किलोओहमचा, पाच वॅटचा रेझिस्टन्स दोन्ही टोकांना लावून तो रिकामा करायचा, मीटरनं शून्य बघायचं आणि मगच हात घालायचा. चालू यंत्रात मोजायचं असेल तर एक हात पाठीमागे ठेवायचा. आणि स्पीकर काढून असा अँप्लिफायर कधीही वाजवायचा नाही, ट्रान्सफॉर्मर जळतो. स्पीकरची केबलच अधूनमधून तुटत असेल तर तो दोष सगळ्यांत महागात पडतो, म्हणून ती मी पहिल्यांदा बदलतो. ज्यांना हे अंगवळणी पडलेलं नाही त्यांनी पुढचं समजून घेण्यासाठी वाचावं, करण्यासाठी नाही.

आयुर्वेदात रोग्याची परीक्षा तीन प्रकारे सांगितली आहे: दर्शन, स्पर्शन, प्रश्न. पाळीच्या दोषात मी क्रम उलटा करतो, प्रश्न आधी. मी त्याला विचारत गेलो. आवाज किती वेळानं जातो? अर्ध्यापाऊण तासानं. पूर्ण जातो की कमी होतो? कधी पूर्ण, कधी अर्धा आणि घोगरा. कसा जातो, विरत विरत की एकदम? एकदम, करकर करून. परत कसा येतो? जोरात एक कॉर्ड मारली की कधी येतो, कधी नाही.

या चार उत्तरांत बरंच काही होतं. आवाज दहा-पंधरा सेकंदांत हळूहळू विरत गेला असता तर व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेचा पुरवठा तुटतोय असं मानलं असतं, कारण तापलेला कॅथोड थंड व्हायला वेळ घेतो. करकर करून एकदम गेला म्हणजे कुठला तरी जोड सुटतोय. आणि जोरात कॉर्ड मारल्यावर परत येतो, हे उत्तर तर फार बोलकं. धातूच्या दोन पृष्ठभागांवर हवेनं पातळ पापुद्रा धरतो. सुरतेच्या दमट, खाडीकडून खारं वारं येणाऱ्या हवेत तो लवकर धरतो. हळू वाजवलेल्या सुराचा दाब इतका कमी की तो पापुद्रा भेदू शकत नाही. जोराची कॉर्ड भेदते, आणि मग काही वेळ रस्ता मोकळा राहतो.

असा कमी दाबाचा संपर्क या यंत्रात कुठे असतो? पाठीमागच्या जॅकमध्ये. बाहेरचं इफेक्टचं यंत्र जोडण्यासाठी 'सेंड' आणि 'रिटर्न' अशी दोन भोकं असतात. काही जोडलं नसेल तेव्हा रिटर्नच्या आतली एक स्प्रिंगची पट्टी दुसऱ्या पट्टीला टेकून संकेत पुढे पाठवते. म्हणजे ज्यानं ही भोकं आयुष्यात कधी वापरली नाहीत त्याचाही सगळा आवाज त्या पट्टीवरून जातो, आणि कधीच काही न खुपसल्यामुळे ती पट्टी कधीच घासली जात नाही. याची परीक्षा अगदी सोपी. सेंडमधून रिटर्नमध्ये एक छोटी केबल लावायची. आवाज गेलेला असताना ती लावल्यावर परत आला तर दोष पट्टीचा. मी त्याला केबल दिली आणि पुढच्या कार्यक्रमाला पाठवलं. चार दिवसांनी फोन आला, केबल लावली आणि आवाज आला! पट्ट्या साफ केल्या, जॅक बदलला, यंत्र परत दिलं.

तीन आठवड्यांनी तो पुन्हा दारात. "काका, आता पूर्ण जात नाही. पण तो अर्धा, घोगरा आवाज येतोच."

दोष दोन होते. पहिला मोठा होता, त्याच्या आड दुसरा दडला होता. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कधी पूर्ण, कधी अर्धा. मी ती दोन लक्षणं एकाच रोगाची धरली. ही चूक मी पुन्हा कधी केली नाही, आणि वाचकानंही करू नये म्हणून ती इथं लिहिली आहे. रोग्यानं दोन वेगळी लक्षणं सांगितली तर ती वहीत दोन ओळींत लिहावीत.

आता अर्ध्या आवाजाचा विचार. गठ्ठा धरणाऱ्या दोघांपैकी एकानं हात सोडला तर गठ्ठा हलतो, पण वेडावाकडा. दोन ईएल ८४ पैकी एक बंद पडत असणार. यात धोकाही होता. या यंत्रात दोघांच्या कॅथोडखाली मिळून एकच, १३० ओहमचा रेझिस्टन्स होता. दोघं नीट चालत असताना त्यावर दहा व्होल्टच्या थोडं वर दिसतं. एक गळाला की दुसऱ्याला आवरणारा दाब कमी होतो आणि तो आपल्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त प्रवाह ओढू लागतो. ईएल ८४ ची प्लेट बारा वॅट उष्णता सोसते. अशा वेळी तिच्यावर सोळा-सतरा वॅट येऊ शकतात, आणि काळा पत्रा अंधारात लाल दिसू लागतो. म्हणजे पाळीचा दोष नुसता त्रासाचा नसतो. तो दर पाळीला निरोगी भाग थोडाथोडा मारत जातो.

पण माझ्या टेबलावर दोन तास चालवलं तरी ताप चढेना. इथं मी हात थांबवून विचार केला की माझ्या टेबलावर आणि मंडपात काय वेगळं आहे.

फरक पुष्कळ होते. मंडपात स्पीकर त्याच पेटीत, एका हातावर दणदणतो. टेबलावर मी चासी, म्हणजे सर्किट बसवलेला पत्र्याचा सांगाडा, पेटीतून बाहेर काढली होती. मंडपातला वीजपुरवठा जनरेटरचा किंवा लांबून ओढलेला. ज्या यंत्राच्या ट्रान्सफॉर्मरवर २२० व्होल्ट लिहिलंय त्याला २५० मिळाले तर व्हॉल्व्हच्या तारेला ६.३ ऐवजी ७ च्या वर व्होल्ट जातात, सगळंच जास्त तापतं. आणि तिसरा फरक माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसत नव्हता. या प्रकारच्या पेटीत चासी वरच्या बाजूला बसवलेली असते आणि व्हॉल्व्ह वटवाघळासारखे खाली डोकं करून लटकतात. मी ती रेडिओसारखी ठेवली होती, व्हॉल्व्ह वर, सर्किटचा बोर्ड खाली. गरम हवा वर जाते. पेटीत ती थेट बोर्डवर जाते. माझ्या टेबलावर ती छताकडे जात होती. मी रोग्याला पंख्याखाली बसवून ताप चढण्याची वाट पाहत होतो.

म्हणून लाकडाचे दोन ठोकळे घेतले, चासी त्यांच्यावर उलटी टेकवली, व्हॉल्व्ह खाली लटकू दिले. वरून साडीच्या बॉक्सचं खोकं पालथं घातलं आणि त्याला मीटरच्या वायरींपुरतं भोक पाडलं. सुरतेत अशा खोक्यांची कमतरता नाही. मीटरच्या चिमट्या त्या १३० ओहमच्या रेझिस्टन्सला लावल्या. वीज व्हेरिअॅकमधून, म्हणजे दाब हवा तसा कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून दिली, २४५ व्होल्ट. इनपुटला मोबाइलवरून हळू आवाजात संथ सूर लावून ठेवला आणि समोर बसलो. हे बसणं हाच या कामाचा सगळ्यांत कठीण भाग. हात शिवशिवतात, काहीतरी उपटावंसं, ठोकावंसं वाटतं. मीटर १०.४ दाखवत होता.

अडतिसाव्या मिनिटाला करकर झाली आणि आकडा ८.२ वर आला. आवाज अर्धा झाला. खोक्याखाली वाकून पाहिलं तर डावा व्हॉल्व्ह लाल होऊ लागला होता. उजवा शांत. ताप चढला होता, आणि कुठे चढला तेही कळलं होतं. लगेच बंद केलं.

दोन व्हॉल्व्हची अदलाबदल केली. पुन्हा खोकं, पुन्हा वाट. आता लवकर झालं, कारण सगळं आधीच तापलेलं. पुन्हा उजव्याच जागेवरचा व्हॉल्व्ह शांत. म्हणजे व्हॉल्व्ह निर्दोष, दोष त्याच्या बेसचा, म्हणजे तो ज्यात खोचतात त्या बैठकीचा, किंवा बेसच्या जोडांचा. नवे व्हॉल्व्ह घालण्यावर गेलेले पैसे का वाया गेले ते या एका अदलाबदलीत दिसतं, आणि ही परीक्षा फुकट होते.

एरवी अशा वेळी मी सुक्या बांबूच्या काडीनं जोड हळूहळू दाबून पाहतो. नवीन शिकणारे ठोकतात. जोरानं ठोकलं की धक्का सगळ्या बोर्डभर पसरतो आणि प्रत्येक जोड दोषी वाटू लागतो. जिथं अगदी हलक्या स्पर्शानं करकर होते ती जागा खरी. पाळी येण्याआधी हेअर ड्रायरनं एकेक भाग तापवणं, मग कूलिंग स्प्रेनं एकच जोड गार करणं हाही चांगला उपाय आहे, फक्त स्प्रे तापलेल्या काचेवर उडता कामा नये, काच तडकते. या यंत्रात मला मीटरनंच उत्तर मिळणार होतं, म्हणून काडी बाजूला ठेवली.

तिसऱ्या पाळीला मी एका हातानं मीटरची टोकदार सुई घेतली आणि उजव्या बेसच्या तीन नंबरच्या पिनेवर टेकवली. ईएल ८४ मध्ये तीन नंबर म्हणजे कॅथोड. टेकवताच करकर होऊन आवाज परत आला. सुईचा दाब पुरला होता! मी सुई उचलली, थांबलो, आवाज पुन्हा जाऊ दिला. मग सुई पिसासारखी टेकवली. बोर्डवरच्या तांब्याच्या पट्टीवर ८ व्होल्ट आणि तिच्यात बसलेल्या पिनेवर वीसच्या वर. ती पट्टी आणि ती पिन एकाच सोल्डरनं जोडलेली, त्यांच्यावर एकच आकडा दिसायला हवा होता. दोन आकडे दिसले म्हणजे जोड तिथं नव्हताच.

माझ्याकडे महिधरपुऱ्यातल्या हिराबाजारातलं एक भिंग आहे, हिरा दहापट मोठा दाखवणारं. हिऱ्यातली भेग जशी बघतात तसा मी तो जोड पाहिला. वरून चकचकीत, पण पिनेभोवती केसासारखी बारीक, पूर्ण गोल रेघ. याला आम्ही ड्राय सोल्डर म्हणतो, पण खरं पाहता हा जोड जन्मतः कोरडा नव्हता. तो थकला होता. बेस थेट छापील बोर्डवर बसवलेला. रोज यंत्र तापतं, पिन फुगते, बोर्ड वेगळ्या मापानं फुगतो, मधलं सोल्डर ओढलं जातं. गार झालं की उलट. त्यात स्पीकरचा दणका आणि खाली लटकलेल्या व्हॉल्व्हचं वजन. हजारो वेळा वाकवलेली तार जशी तुटते तसं सोल्डर तुटतं. गार असताना भेग मिटलेली, म्हणून मीटरला जोड पक्का दिसतो. तापली की उघडते. याहून जुन्या यंत्रांत बेस चासीच्या पत्र्यावर स्क्रूनं घट्ट बसवत आणि वायरी हातानं जोडत. तिथं हा आजार फार कमी दिसतो. बोर्डमुळे यंत्र स्वस्त झालं आणि म्हणून या मुलाच्या हाती आलं, हेही तितकंच खरं.

सुरतेतल्या हवेविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. अमेरिकेत पन्नास-साठच्या दशकांत फेंडरच्या यंत्रांत काळ्या फायबरचा बोर्ड असे. तो ओल शोषतो आणि मग स्वतःच किंचित वीज वाहू लागतो. जिथं वीज नको तिथं ती झिरपते, खरखर येते, उन्हाळ्यात जाते, पावसाळ्यात परत येते. असं यंत्र कुणी सुरतेत आणलं तर जूनच्या मध्यापासून ते बोलू लागेल. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यानं शहराचा बराचसा भाग बुडाला, तेव्हा तापीचा गाळ घराघरांतल्या यंत्रांत शिरला. धुऊन वाळवलेली यंत्रं सुरू झाली, पण बेसच्या खाली, जिथं ब्रश पोचत नाही तिथं, गाळाचा पातळ थर राहिला. तो कोरडा असताना निरुपद्रवी, हवेत दमटपणा वाढला की वीज वाहणारा. अशा यंत्रांची तक्रार ऐकताना मी तारीख विचारतो, कारण त्यांची पाळी पंचांगाप्रमाणे येते.

त्या जोडाकडे परत येतो. भेगेवर नुसतं सोल्डरिंग आयर्न टेकवून जुनं सोल्डर वितळवलं तर जोड दिसायला नवा होतो, पण भेगेत धरलेला काळा थर आतच राहतो आणि काही महिन्यांनी रेघ पुन्हा उमटते. जुनं सोल्डर शोषून पूर्ण काढायचं, पिन खरवडून चमकवायची, राळ लावायची, नवं सोल्डर पिनेभोवती नीट चढू द्यायचं. व्हॉल्व्ह बेसमध्ये बसवून ठेवूनच हे करायचं, नाहीतर तापलेली पिन बेसमध्ये वाकडी होते आणि नंतर व्हॉल्व्ह घालताना नवा जोड पहिल्याच दिवशी ताणला जातो.

मग दोन्ही बेसच्या मिळून अठराही पिना भिंगाखाली पाहिल्या. डाव्या बेसच्या सात नंबरच्या, म्हणजे प्लेटच्या, पिनेभोवती अर्धी रेघ उमटली होती. तिनं अजून कुणाला त्रास दिला नव्हता. तिलाही काढून नवा जोड दिला. साडीचं खोकं पुन्हा पालथं घातलं, व्हेरिअॅक २४५ वर ठेवला आणि रात्री जेवून परत येऊन बसलो. चार तास मीटर १०.४ आणि १०.५ च्या मध्ये राहिला.

मुलगा दुसऱ्या दिवशी न्यायला आला तेव्हा मी त्याला काढलेल्या सोल्डरचा तो गोळा दाखवला, ज्वारीच्या दाण्याएवढा. त्यानं तो बराच वेळ तळहातावर फिरवून पाहिला. "एवढ्यासाठी?" त्यानं विचारलं, आणि प्लास्टिकचा कागद पुन्हा गुंडाळायला घेतला.